दुर्मिळ आजार, नागपूरचा न्यूरॉलॉजिस्ट आणि गावातला डॉक्टर

पांढरकवड्याजवळच्या एका गावातून एका मुलाने विचारलंय. त्याचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आई ४६ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी नागपूरला मायस्थेनिया ग्रेव्हिसचं, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराचं, निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या, पापण्या उचलू लागल्या, जेवण नीट जाऊ लागलं. मग ताप-खोकला आला. जवळच्या डॉक्टरांना "नसांचा आजार आहे" एवढंच सांगितलं, फाईल घरी राहिली. त्यांनी अ‍ॅमिकॅसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी प्यायलेलं पाणी नाकातून येऊ लागलं, रात्री श्वास अडकला, आणि पुढचे नऊ दिवस आयसीयूत गेले. आता घरच्यांनी ठरवलंय की गावातल्या कुठल्याच डॉक्टरला आईला हात लावू द्यायचा नाही. जुलाब लागले तरी नागपूर, गुडघा दुखला तरी नागपूर. दोन महिन्यांत सहा फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी भाड्याची गाडी, ऐन वेचणीत वडलांचे दिवस मोडले, आणि मामा म्हणतात नागपूर सोडा, मुंबईच गाठा. प्रश्न असा, की असला दुर्मिळ आजार असताना साध्या डॉक्टरवर विसंबावं, की फक्त स्पेशालिस्टकडेच जावं?

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही. यवतमाळ जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी २३ वर्षं फिजिशियन म्हणून दवाखाना चालवतोय. मायस्थेनियाचे पाच पेशंट सध्या माझ्याकडे येतात. पाचही जणांचे न्यूरॉलॉजिस्ट नागपूरला किंवा सेवाग्रामला आहेत. म्हणजे तुम्ही ज्याला साधा डॉक्टर म्हणता, तो मीच. त्या जागेवरून लिहितो.

तुमचा राग मला कळतो. पण जे झालं ते जरा उलगडून बघू. मायस्थेनियाच्या पेशंटचा श्वास अडकण्याचं, म्हणजे क्रायसिसचं, सगळ्यात नेहमीचं कारण जंतुसंसर्गच असतं. त्यामुळे तो ताप नुसता अंगावर काढला असता तरी आई आयसीयूपर्यंत पोचली असती, ही शक्यता आहेच. अ‍ॅमिकॅसिनने त्यात भर घातली, हेही तितकंच खरं. ते इंजेक्शन या आजारात टाळायचं असतं. पण ते देणाऱ्याला आजाराचं नाव माहीत नव्हतं. "नसांचा आजार" म्हटल्यावर आमच्या डोक्यात काय येतं सांगू? सायटिका, लकवा, मधुमेहाने पायाला येणाऱ्या मुंग्या. मायस्थेनिया येत नाही. तेव्हा डॉक्टर स्पेशालिस्ट होता की साधा, यावर त्या दिवशीचा निकाल ठरला नाही. कोणता निर्णय कुणाचा आणि एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोचवायची कुणी, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे, आणि तो मुंबईला जाऊन सुटणार नाही.

आजार काय आहे ते चार वाक्यांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नस स्नायूला "हल" म्हणून सांगते ती अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. ते रसायन स्नायूवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं. मायस्थेनियात शरीराने स्वतःच तयार केलेल्या अँटिबॉडी त्या जागा अडवतात आणि मोडतात. त्यामुळे स्नायू वापरला की थकतो आणि विसावा मिळाला की परत उठतो. सकाळी माणूस ठीक दिसतो, संध्याकाळी पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, घास चावता चावता जबडा दुखून येतो, बोलता बोलता आवाज नाकात जातो. पायरिडोस्टिग्मिनची गोळी ते रसायन लवकर मोडू देत नाही, म्हणून तीन-चार तास बरं वाटतं. मूळ आजार मात्र स्टिरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन अशा औषधांनी दाबून ठेवावा लागतो.

आता माझ्याच हातून काय झालं ते सांगतो. दवाखाना सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती. एकतीस वर्षांची एक मजूर बाई सकाळच्या ओपीडीत यायची. "सकायी बरी राह्यतो जी, संध्याकायी डोयेच उघडत नाई, मान धरत नाई." हिमोग्लोबिन साडेआठ होतं. मला उत्तर सापडलं असं वाटलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, बी-१२ ची इंजेक्शनं दिली, तिच्या आग्रहाने दोनदा सलाइन लावलं. रक्त वाढलं, तक्रार तशीच राहिली. मग मी तिला टेन्शनची गोळी लिहिली. पाच महिने गेले यात. एका संध्याकाळी आठ वाजता ती स्वतःसाठी नाही, तापाने फणफणलेल्या लेकराला घेऊन आली. एका हाताने लेकरू धरलं होतं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने स्वतःची पापणी वर धरून माझ्याकडे बघत होती. तिला छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या खाली आल्या. हातमोज्यात बर्फ घालून दोन मिनिटं डोळ्यावर ठेवला, तर पापणी उचलली. थंडीने नस आणि स्नायू यांच्यातला जोड थोडा सुधारतो, म्हणून ही साधी परीक्षा चालते. दुसऱ्या दिवशी तिला नागपूरला पाठवलं.

पाच महिने मी तिला फक्त सकाळी बघत होतो. न्यूरॉलॉजिस्टनेही तिला सकाळी अकरालाच बघितलं असतं, पण "संध्याकाळी काय होतं" हा प्रश्न त्याने पहिल्या भेटीतच नीट विचारला असता. संध्याकाळ माझ्या गावात होती, प्रश्न त्याच्याकडे होता. या दोन गोष्टी एकत्र यायला एका लेकराला ताप यावा लागला, हे मी अजून विसरलेलो नाही. ती बाई आजही माझीच पेशंट आहे.

या आजाराच्या औषधाचा शोधही असाच लागला. १९३४ साली लंडनच्या ग्रीनिच भागातल्या सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर होत्या, हुद्द्याने असिस्टंट मेडिकल ऑफिसर. तिथे येणारे न्यूरॉलॉजिस्ट डेनी-ब्राउन त्यांना म्हणाले की मायस्थेनियाची लक्षणं क्युरारे विषाच्या लक्षणांसारखी दिसतात. क्युरारेवर फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे, मग तोच इथे का देऊन बघू नये, असा विचार वॉकरबाईंनी केला. इंजेक्शन दिलं आणि पेशंटची पडलेली पापणी काही तासांसाठी वर आली. तुमच्या आईची आजची गोळी त्याच कुळातली आहे. निरीक्षण तज्ज्ञाचं होतं, ते घेऊन खाटेपाशी गेली ती वॉर्डातली डॉक्टर.

आता व्यवहाराचं. माझ्या दवाखान्यात कामाची वाटणी कशी आहे ते सांगतो.

निदान पक्कं करणं, अँटिबॉडीच्या तपासणीचा आणि नसांच्या तपासणीचा अर्थ लावणं, थायमस ग्रंथीसाठी (ही छातीच्या हाडामागे असते आणि तिचा या अँटिबॉडींशी संबंध असतो) छातीचा सीटी स्कॅन, ती ग्रंथी काढायची की नाही, स्टिरॉइड किती आणि कसं वाढवायचं-उतरवायचं, दुसरं औषध कधी जोडायचं, हे सगळं न्यूरॉलॉजिस्टचं. यातला एकही निर्णय मी स्वतः घेत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ५ मिलिग्रॅमने उतरवायचं असलं तरी फोन करतो. कारण सांगतो. स्टिरॉइड या आजारावर चांगलं औषध आहे, पण सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत त्यानेच आजार तात्पुरता बळावू शकतो. अ‍ॅझाथायोप्रिनचा गुण दिसायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. पेशंट तिसऱ्या महिन्यात म्हणतो "या गोळीने काही फरक नाही", आणि माझ्यासारख्याला ती बंद करावीशी वाटते. ज्याने असे शेकडो पेशंट बघितलेत त्याचा धीर वेगळा असतो. माझ्या पाच पेशंटांच्या अनुभवावर मी तो धीर उसना आणू शकत नाही.

उरलेलं मात्र माझं आहे, आणि ते थोडं नाही. स्टिरॉइडमुळे साखर चढते, बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात, जुना दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो. अ‍ॅझाथायोप्रिनमुळे पांढऱ्या पेशी उतरू शकतात, लिव्हर बिघडू शकतं. म्हणून सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी आणि पुढे नेमाने रक्त तपासावं लागतं. त्या तपासण्यांसाठी दीडशे किलोमीटर जाण्यात काही अर्थ नाही. रक्त तालुक्याला द्या, रिपोर्टचा फोटो पाठवा. ताप, जुलाब, गुडघा, दात, पाळीचा त्रास, फ्लूची लस, हे सगळं जवळच्या डॉक्टरचं. ही साधी दुखणी याच आजारात धोक्याची असतात, म्हणून ती पहिल्या दिवशी बघणारा माणूस जवळ हवा. तुमच्या आताच्या पद्धतीत नागपूरची गाडी ठरेपर्यंत ताप दोन दिवसांचा होतो. तो उशीर मला त्या इंजेक्शनाइतकाच धोक्याचा वाटतो.

या आजारात शक्यतो टाळायच्या औषधांबद्दल. अ‍ॅमिकॅसिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन हा एक गट. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन हा दुसरा, आणि आपल्याकडे जुलाबाला सर्रास दिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी याच गटातली, तेव्हा तिच्यावर विशेष नजर ठेवा. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन हा तिसरा. याशिवाय शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, प्रोप्रॅनोलॉल-अ‍ॅटेनोलॉलसारख्या बीपीच्या आणि धडधडीच्या गोळ्या, झोपेसाठी दिलेलं अल्प्राझोलाम, मलेरियावरचं क्लोरोक्वीन आणि क्विनीन. यांतली बरीचशी औषधं नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप आणखी क्षीण करतात. तुमच्या-माझ्या अंगात त्या निरोपाचा साठा भरपूर असतो, म्हणून आपल्याला कळतही नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम असली अँटिबायोटिक सहसा चालतात. अ‍ॅझाथायोप्रिन सुरू असेल तर युरिक अ‍ॅसिडसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट नको. त्याने अ‍ॅझाथायोप्रिन अंगात साचतं आणि रक्ताच्या पेशी धोकादायक उतरू शकतात. गुडघा दुखला म्हणून नागपूरला गेलात म्हणता, तर सांध्यासाठी कुठे काही लिहून घ्याल तेव्हा हे नक्की सांगा. आणि हेही लक्षात ठेवा, की ही यादी म्हणजे सरसकट बंदी नाही. जीव वाचवायला यातलंच एखादं औषध लागलं तर व्हेंटिलेटर हाताशी असलेल्या ठिकाणी, डोळ्यांत तेल घालून, ते दिलंही जातं. तो निर्णय डॉक्टरने आजाराचं नाव माहीत असताना घ्यायचा असतो, एवढंच.

म्हणून एक कागद करा. न्यूरॉलॉजिस्टच्या पुढच्या भेटीत त्यांच्याकडूनच लिहून घ्या, एकाच पानावर, ठळक अक्षरात. आजाराचं नाव, कोणती अँटिबॉडी सापडली, थायमसचं काय, सध्याच्या गोळ्या आणि वेळा, टाळायची औषधं, आणि अडचणीत कोणाला फोन करायचा तो नंबर. जाडजूड फाईल कुणी वाचत नाही. मीही ओपीडीत पन्नास माणसं बसलेली असताना चाळीस पानं वाचू शकत नाही, पण एक पान वाचतोच. त्याच्या तीन प्रती करा. एक आईच्या पिशवीत, एक जवळच्या डॉक्टरकडे, एक ज्या औषधाच्या दुकानातून तुम्ही गोळ्या घेता तिथे. फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. आणि आजाराचं नाव आईला स्वतःला म्हणता आलं पाहिजे. माझ्या एका पेशंट आजींना वाचता येत नाही, पण "मायस्थेनिया" हा शब्द त्या स्पष्ट म्हणतात, दात काढायला गेल्या तेव्हाही आधी म्हणाल्या.

जवळचा डॉक्टर निवडायचा कसा? यावर माझं मत ठाम आहे: आई बरी असताना निवडा. लोक डॉक्टर शोधतात तो रात्री ताप चढल्यावर, आणि तेव्हा जो सापडेल तो सापडतो. एखाद्या दुपारी, गर्दी नसताना, आईला घेऊन जा. फी द्या. कागद पुढे ठेवा आणि सांगा की या पेशंटचं रोजचं दुखणं-खुपणं तुम्ही बघावं अशी आमची इच्छा आहे. मग ते काय करतात ते बघा. कागद वाचतात का? "मला या आजाराचा फारसा अनुभव नाही, मी त्यांना फोन करेन" असं म्हणतात का? असं म्हणणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. "असले खूप बघितले" म्हणून कागद बाजूला सारणारा नको. बिननावाच्या गोळ्या पुडीत बांधून देणारा तर अजिबात नको, कारण काही बिघडलं तर पोटात काय गेलंय हे नागपूरला कुणालाच सांगता येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर चांगले असतात, पण त्यांची बदली होते, नवीन आले की कागद परत दाखवा. आशाताईंनाही सांगून ठेवा, रात्री गाडी मिळवून देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

डॉक्टरशी बोलताना एक गोष्ट उपयोगी पडेल. आपल्या भागातला कुठलाही अनुभवी डॉक्टर साप चावलेले पेशंट बघतो. नाग चावला की पापण्या पडतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो, आणि आम्ही अ‍ॅट्रोपिनसोबत निओस्टिग्मिन देतो. नागाचं विष स्नायूवरच्या नेमक्या त्याच जागा अडवतं ज्या तुमच्या आईच्या अँटिबॉडी अडवतात. ज्याने एकदा नाग चावलेला माणूस श्वासासाठी झगडताना बघितलाय त्याला मायस्थेनियाचा क्रायसिस पुस्तकातून शिकवावा लागत नाही, फक्त हा दुवा दाखवावा लागतो.

आता घरच्यांनी काय ओळखायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या आजारात श्वासाचे स्नायू थकत जातात आणि ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो. तो घसरतो तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. त्यापेक्षा मोजायला लावा. खोल श्वास घेऊन, मध्ये श्वास न घेता, एका लयीत मोठ्याने एक, दोन, तीन. निरोगी माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. आईचा चांगल्या दिवसाचा आकडा आजच त्या कागदावर लिहून ठेवा. तो निम्म्यावर आला, किंवा वीसच्या खाली गेला, तर निघा. आडवं झाल्यावर दम लागतो, उशीवरून मान उचलत नाही, खोकला फुसका येतो, लाळ तोंडात साचते, पाणी नाकातून येतं, यातलं काहीही झालं तरी सकाळची वाट बघू नका. अशा वेळी बरं वाटावं म्हणून पायरिडोस्टिग्मिनच्या जास्तीच्या गोळ्या देऊ नका, त्याने लाळ आणि छातीतला कफ वाढून घुसमट वाढते. गिळता येत नसेल तर चहाचा घोटसुद्धा नको.

आणि निघताना नागपूरचा हट्ट धरू नका. तुम्हाला यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नागपूरच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. त्या रात्री तुम्हाला न्यूरॉलॉजिस्ट नको असतो, व्हेंटिलेटर आणि श्वासनलिकेत नळी घालता येणारा माणूस हवा असतो. १०८ ला फोन करताना "श्वासाच्या स्नायूंचा आजार आहे, वाटेत श्वास द्यावा लागेल" असं स्पष्ट सांगा. पुढचे उपचार, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं, एकदा श्वास सुरक्षित झाला की तिथे किंवा पुढे नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजला, एम्सला, सेवाग्रामला ठरवता येतात. इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या दर किलोमागे साधारण २ ग्रॅम लागतं, म्हणजे ५० किलोच्या बाईला १०० ग्रॅम, आणि खर्च लाखांत जातो. जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आत्ताच विचारून ठेवा, त्या रात्री नको.

तुमच्या घरी कापूस आहे म्हणून मुद्दाम लिहितो. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उजाड झाली हे तुम्हाला सांगायला नको. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं शरीरात जे एन्झाइम बंद पाडतात तेच आईची गोळी मोजून-मापून अडवते. म्हणजे आईच्या अंगात त्या परिणामाचा थोडा अंमल आधीपासूनच आहे. तिने फवारणी तर करायचीच नाही, पण औषध कालवणं, पंप धुणं, फवारणीचे कपडे धुणं, ताज्या फवारलेल्या पऱ्हाटीत निंदणाला जाणं, हेही बंद. घाम, लाळ, पोटात मुरडा, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या ही लक्षणं गोळी जास्त झाल्यावरही दिसतात आणि विषबाधेतही दिसतात. डॉक्टरला दोन्ही शक्यता सांगा. उन्हाचंही तसंच. उष्णतेने हा आजार बळावतो आणि आपला मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत वावरातलं काम पहाटे, नाहीतर नाहीच.

मुंबईचं म्हणाल तर, एकदा दुसरं मत घ्यायला हरकत नाही, पण कारण असावं. अँटिबॉडी सापडल्याच नाहीत आणि औषधांनी फरकही नाही, मस्क नावाची वेगळी अँटिबॉडी निघाली, थायमसमध्ये गाठ आहे आणि शस्त्रक्रिया अवघड आहे, किंवा निदानाबद्दल दोन डॉक्टरांत दुमत आहे, अशा वेळी जरूर जा, सीटीची सीडी सोबत न्या. थायमसमध्ये गाठ मायस्थेनियाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के पेशंटमध्ये सापडते, म्हणून तो स्कॅन झालाय का एवढं मात्र आधी बघा. गाठ नसतानाही, अ‍ॅसिटिलकोलिनच्या जागांवरची अँटिबॉडी सापडलेल्या पेशंटला ग्रंथी काढल्याने फायदा होतो हे २०१६ च्या मोठ्या चाचणीत दिसलंय. तुमच्या आईच्या वयात हा विषय न्यूरॉलॉजिस्टकडे काढण्यासारखा आहे. पण आईला गोळ्यांचा गुण येत होता, निदान झालेलं आहे. मुंबईचा न्यूरॉलॉजिस्ट रात्री दोन वाजता पांढरकवड्याला तितकाच दूर आहे.

किती वेळा नागपूरला जायचं, हे परिस्थितीवर आहे. क्रायसिसचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असतो, म्हणून पहिलं वर्षभर दर महिना-दोन महिन्यांनी, म्हणजे औषधं बसेपर्यंत. पुढे माझे पेशंट चार-सहा महिन्यांनी जातात. ज्याचा आजार फक्त डोळ्यांपुरता आहे त्याला ढील जास्त. ज्याला सोबत मधुमेह आहे किंवा ज्याच्या घरी रात्री गाडी काढणारं कुणी नाही, त्याला कमी. मधल्या काळात फोनवर बोलणं, व्हिडिओवर दाखवणं चालतं. मी तर पेशंटला सांगतो, संध्याकाळी सात वाजता स्वतःचा व्हिडिओ काढा, वर बघत आणि बोलत. सकाळच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टला जे दिसणार नाही ते त्यात दिसतं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी दुसरा दुर्मिळ आजार असेल तर ही वाटणी जशीच्या तशी उचलू नका. काही दिवसांतच हातपाय लुळे पाडणाऱ्या गुईलाँ-बारेच्या सुरुवातीच्या दिवसांत घरी बसून जवळच्या डॉक्टरकडून काही करायचंच नसतं, सरळ मोठं रुग्णालय. अंगात तांबं साचवणाऱ्या विल्सनच्या आजारात बरं वाटलं म्हणून गोळी सोडणं हा सगळ्यात मोठा धोका, आणि तो रोखतो तो जवळचाच डॉक्टर. स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या ड्युशेनच्या आजारातल्या मुलांचं हृदय आणि श्वास मोठ्या ठिकाणी नेमाने तपासावे लागतात, पण पायाचे ताण-व्यायाम रोज घरातच होतात.

शेवटी, तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. ज्या डॉक्टरांनी अ‍ॅमिकॅसिन दिलं त्यांना पुढे काय झालं ते कळलंय का? बहुतेक नसेल. भांडायला म्हणून नको, पण एकदा जाऊन त्यांना सांगा. पाच महिने चुकलेला डॉक्टर म्हणून सांगतो, असा पेशंट आयुष्यभर विसरला जात नाही. ते अंगावर धावून आले किंवा उडवून लावलं, तर तो दवाखाना सोडा आणि वर लिहिल्याप्रमाणे दुसरा शोधा. पण ऐकून ते गप्प झाले, आणि आजाराचं नाव कागदावर लिहून घेऊ लागले, तर तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर तुम्हाला हवा असलेला डॉक्टर कदाचित तोच आहे. येत्या आठवड्यात एखाद्या दुपारी जा. आईला सोबत न्या, आणि फाईल या वेळी घरी ठेवू नका.